नानीगत लाल

रंगवलेले केस कोंड्याच्या शाम्पूनं पार फिके पडले, म्हणून सुप्रिया बारामतीच्या दुकानात नवा शाम्पू बघत होती. शेजारी भिगवणच्या एक मावशी डोक्यावरचा पदर सावरत दुकानदाराशी बोलत होत्या. तिचे कान तिकडंच लागले.

“हा न्या मावशी. कलर हालायचा न्हाय.”

“मला हालायलाच पायजे, बाळा. लवकर उतरंल असा कुठला हाय?”

“असं कुणी मागत न्हाय. चांगला काळाभोर दिसतोय की.”

“पुतण्याच्या लग्नात पोरींनी पार्लरात बसवलं. न्हायतर मी मेंदीवाली. माझी नानी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची. ईदच्या आदी गल्लीतल्या समद्या बाया तिच्या वट्यावर, डोक्याला एरंडाची पानं बांधून. हसून हसून पोट दुखायचं.”

“मग लावा की मेंदी.”

“काळ्यावर चढती व्हय ती?”

सुप्रियाला राहवलं नाही. “कोंड्याचा न्या, मावशी. माझा त्यानंच गेला. पण घाई कशाची?”

“माझी आई अंथरुणाला हाय, पोरी. तिला कायबी आठवत न्हाय. माझं नानीगत लाल केस बघून ती मलाच तिची अम्मा समजायची. माझ्या हातनं गुमान जेवायची.”

“आणि आता?”

“लग्नापासनं धड जेवत न्हाय. घास पुढं केला की मलाच इचारती, ‘बाई, माझी अम्मा कवा येनार?’”