सगळे भाग संपायच्या आत टाळी

"व्हर्नन, टाळ्या कसल्या वाजवतोस? या रचनेचे अजून दोन भाग राहिलेत!"

शिकागोच्या बागेतल्या पाश्चात्त्य संगीताच्या फुकटच्या मैफलीत, माझ्या शेजारच्या चादरीवर लुसील नवऱ्यावर करवादली. नणंद एडना मधे पडली.

"असू दे गं वहिनी. उन्हानं झालं असेल."

"अगं, अख्खं संपल्याशिवाय टाळी नाही, म्हणून तीस वर्षं हाच लोकांवर डोळे वटारतोय!"

"म्हणजे ऊनच."

"गेल्या बुधवारीही अशाच मधेच वाजवल्या, तेव्हा तर ढग होते, एडना."

"दादा, तू चेरी खा."

"पोरींनो, उन्हाला कशाला बोल लावता? विसरायला लागलोय मी. कुठे थांबायचं तेच आठवत नाही. पण त्या चेलोवालीनं काय वाजवलं गं! ते ऐकून हात मांडीवर कसे ठेवू?"