पॉइंट साठले, विमान गेलं

विमान कंपनीचं सभासद व्हायचं म्हणताय? आधी माझं ऐका. बातम्यांसाठी सारखं दिल्लीला जावं लागायचं, म्हणून तीन वर्षं मी एकाच कंपनीला चिकटून राहिलो. दर प्रवासाला मिळून साठलेल्या पॉइंटांवर कोल्हापूरच्या आईला विमानात बसवायचं होतं. पुरेसे साठल्यावर फोन केला.

"सर, मोफत तिकीट मिळेल, पण मुंबईहून. कोल्हापूरची सेवा आम्ही बंद केलीय."

"मग ऐंशी वर्षांच्या बाईनं मुंबईला यायचं कसं?"

"दुसऱ्या कंपनीचं विमान आहे ना, सर!"

असा भडकलो! पॉइंट गेले खड्ड्यात म्हटलं आणि दुसऱ्याच कंपनीची, कोल्हापूरहून थेट, आम्हा दोघांची तिकिटं विकत काढली. विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणते, "आमचे सभासद व्हा सर, पॉइंट मिळतील."

मी तोंड उघडायच्या आत आई कडाडली, "पोरी, आमी परत येऊस्तवर तरी तुजं इमान कोल्हापुरात येत ऱ्हाईल न्हवं?"