उजवीकडून आवाज कमी

परत घेणार नाही म्हणजे नाही, ताई. तुम्ही बोंब मारा, चार लोक गोळा करा, काहीही करा — हा इअरफोन खराब नाहीये. काय खराब आहे सांगू? घालायची पद्धत. बसा त्या स्टुलावर. बसा हो, पाच मिनिटांचं काम आहे. घाई? घाई सगळ्यांनाच असते, म्हणून तर सगळ्यांना वाटतं की स्वस्तातला माल म्हणजे भंगार. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो ना? ठेका ऐकूच येत नाही, नुसतं चिरचिरतं, मान हलवली की निसटून गळ्यात येतो? मग बरोबर. मला न ऐकताच कळलं. नाही, मी ऐकून बघणार नाही. दुसऱ्याच्या कानात गेलेली वस्तू मी माझ्या कानात घालत नाही. आणि ऐकायचंय तुम्हाला, माझ्या कानाचा काय संबंध?

डबी आणलीत? उघडा. आत एक छोटी पिशवी होती, त्यात चार रबरी टोप्या — दोन छोट्या, दोन मोठ्या. कुठे आहेत? केरात. वा! शंभरातले नव्वद लोक तेच करतात. कंपनी मधल्या मापाची टोपी चढवून देते आणि तुम्ही सगळे तीच घालून बोंबलत येता. अहो, चप्पल घेताना माप बघता की नाही? मग कानाला माप नको? हे बघा, ही माझी बरणी. लोकांनी टाकून दिलेल्या टोप्या धुऊन ठेवतो मी इथं. धाकटी हसते मला — माझी धाकटी बहीण, दुकान तिचं आहे, मी नुसता काउंटरवर बसतो — ती म्हणते, दादा, तू काय रबराची बाग लावणार आहेस का? हसू दे. थांबा, डावीकडे छोटी लावू, उजवीकडे मोठी. हो, वेगवेगळी! दोन्ही कान सारखे असतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? आता डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या, उजवा कान वरून धरा, वर आणि मागे ओढा — लाजताय काय, कोण बघतंय — आणि आता दुसऱ्या हातानं आत सरकवा, जरासा पीळ देत. सोडा कान. दुसरीकडे तसंच. आणि वायर कानाच्या वरून मागे टाका, म्हणजे पदराला घासून खडखड होणार नाही. लावा तुमचं काय ते.

काय? इकडून बोला, या बाजूनं. पंख्याच्या आवाजात कळत नाही. पंखा बंद आहे? बरं, बंद तर बंद.

शिवणाच्या कारखान्यात? तीस मशिनं एका खोलीत, आणि त्यात तुम्ही परीक्षेचे धडे ऐकता? शाबास. पण आवाज किती ठेवता? पूर्ण? ताई, वेडबिड लागलंय का तुम्हाला? रोज आठ तास पूर्ण आवाज? कानात फट राहिली की बाहेरची मशिनं आत येतात, मग तुम्ही आवाज वाढवता, मग अजून वाढवता — आणि एक दिवस वाढवायला काही उरत नाही. अहो, हळूहळू जातं ते. कळतसुद्धा नाही. आधी वाटतं लोकच हळू बोलायला लागलेत. मग वाटतं फोन बिघडला. मग आपण एका बाजूला वळून बसायला लागतो, आणि घरच्यांना सांगतो मान अवघडली — म्हणजे, असं होतं लोकांचं. मी बघितलंय.

बावीस वर्षं मी लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचो. माणसापेक्षा उंच खोकी! सभा, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम. माझं टेबल कायम एकाच जागी, खोकं उजव्या हाताला, दोन पावलांवर. गर्दीत एखादी तार सैल झाली तर मी डोळे मिटून सांगायचो, तिसऱ्या खांबाजवळ बघा. लोक तोंडात बोटं घालायचे. त्या कानाच्या जोरावर तर धाकटीनं मला इथं बसवलं. म्हणाली, दादा, माल तू निवडायचा, मला यातलं काडीचं कळत नाही. सहा वर्षं मीच निवडतो. महागातल्याला मागे टाकेल असा स्वस्तातला नग मी शोधून काढतो, आणि ती डोळे झाकून तीनशे नग उचलते. आज चारला येणार आहे ती नवे नमुने घेऊन. समोर मांडेल आणि विचारेल, दादा, कुठला घेऊ?

त्या पुठ्ठ्याच्या खोक्याला हात लावू नका! नाही, त्यातला बदलून मिळणार नाही. तोच नग आहे, हो, तुमच्याकडे आहे तसाच, पण ते परत पाठवलेले आहेत. होलसेलवाला महाचोर. अकरा नग मी परत केले, प्रत्येकावर माझ्या हातानं चिठ्ठी लावून — उजवीकडून आवाज कमी. आणि आज सकाळी त्यानं जसंच्या तसं खोकं माघारी धाडलं. वर कागद — सगळे तपासले, एकातही दोष नाही. बघा कसा हात झटकून मोकळा झाला! धाकटीनं अजून पाहिलं नाहीये. ती आली की मी सांगणारच आहे, या माणसाशी व्यवहार तोड म्हणून.

काय म्हणालात?

हो. अकराच्या अकरा. सगळ्यांची उजवीच. मग? असू शकतं की. एखादा कारागीर फक्त उजव्या बाजू जोडत असेल आणि त्याचा हात वाईट असेल. असं बघू नका माझ्याकडे. उलटे घालून बघितले का? ताई, मला शिकवताय? पहिल्याच नगाला बघितलं. डावी बाजू उजव्या कानात घातली. आणि ती — चांगली, खणखणीत बाजू — तीसुद्धा मुकी झाली. तेवढ्यावर कळतं हो माणसाला. बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्याला न कळायला काय झालं? कळलं, आणि तरी चिठ्ठी लिहिली. मग दुसरा नग काढला. मग तिसरा. वाटलं, एक तरी निघेल. अकरा काढले.

माझा उजवा कान गेलाय. घ्या, बोललो. बायकोला बोललो नाही, बहिणीला बोललो नाही, आणि तुम्हाला बोललो. आता कीव करू नका, मला चीड येते कीव केली की. भीती वाटते ती वेगळी गोष्ट. कान नसलेल्या भावाला ती काउंटरवर कशाला ठेवेल, हे रोज मनात येतं.

पण एक सांगा. तुमच्या कानात आत्ता जे वाजतंय, ते मी कशानं बसवलं? कानानं? मी ऐकलं का काही? टोपी घातली तेव्हा तुमच्या कपाळावरची आठी गेली. मग तुम्ही न सांगता आवाज कमी केलात — निम्म्यावर आणलात, मी बघितलं! आणि आता तुम्ही पेन शोधताय, म्हणजे धडा नीट ऐकू येतोय. कान मंदावत गेला तसं दोन वर्षं मी असंच चालवतोय. समोरच्याचा चेहरा बघतो, बोलायला लावतो, चार वेळा टोप्या बदलतो. एकही गिऱ्हाईक रागानं गेलेलं नाही. पूर्वी मी माझ्या कानाला आवडेल ते लोकांच्या गळ्यात मारायचो. आता लोकांना विचारतो. कुणाची हिंमत आहे मला निकामी म्हणायची? फक्त माल निवडताना खोटं बोललो. गेल्या खेपेला धाकटीनं विचारलं, हा का तो? एका कानानं फरक कळेना; मी कान टवकारल्याचं सोंग केलं आणि एकावर बोट ठेवलं. त्यातलाच तुमचा. नशीब बरा निघाला.

नाही, डॉक्टरचा पत्ता नको. असू दे, लिहून ठेवा तिथं. नंतर बघू.

ती बघा, आली. हातात नमुन्यांची पिशवी. आणि आल्या आल्या हाक मारणार — ऐकलंत? हाक उजव्या बाजूनं होती, मला ऐकू नाही आली, ओठ हलले तेवढे दिसले. उठा आता, ताई. उठा, झालं तुमचं काम, आवाज निम्म्यावरच ठेवा. स्टूल मोकळं करा, तिला बसायचंय. आज नमुने ती ऐकणार आणि मी तिच्याकडे बघणार. आधी कानाचं सांगणार, मग ऐकवणार. जा म्हटलं ना.