नागलीची तीन कणसे

मोखाडा, दि. २२/११/२०००, सकाळी १०.४० वाजता.

माझे नाव तुळशीदास गोकुळ भोये, वय ४६ वर्षे, व्यवसाय प्राथमिक शिक्षक, राहणार मोखाडा, तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहतो. यापूर्वी नऊ वर्षे पोशेरा येथे नोकरीस होतो. तेथील हर्षदा फागू झुगरे ही माझी विद्यार्थिनी. तिचे वडील फागू हयात नाहीत. आई हौशी ही पोशेरा येथे राहते, भात व नागली म्हणजे नाचणी करते. शाळेच्या दाखल्याप्रमाणे हर्षदाचे आजचे वय २३ वर्षे आहे. तिच्या पासपोर्टवर ते ३२ लिहिलेले आहे. तिशीच्या आतील बाईला आखातात घरकामाला जाऊ देत नाहीत, म्हणून ते वाढवले, असे तिने मला पत्राने कळवले होते.

फेब्रुवारी १९९९ मध्ये हर्षदा व वांगणी येथील नवशी या दोघींना मस्कत येथे कामाला पाठवण्यात आले. दवाखान्यात आयाचे काम आहे असे सांगून रघुनाथ बारकू ऊर्फ रघ्या, राहणार मोखाडा, याने त्यांना नेले. रघ्याच्या दोन जीपगाड्या जव्हार-मोखाडा रस्त्यावर चालतात. प्रत्यक्षात दोघींना वेगवेगळ्या घरांत मोलकरीण म्हणून ठेवले. यावर्षी जूनमध्ये नवशी तापाने वारल्याचा निरोप रघ्याने तिच्या घरी दिला. प्रेत आले नाही. कागद आला नाही. ज्या राज्यात म्हशीच्या मरणाचाही दाखला मिळतो त्या राज्यात...

येथे जबाब घेणाऱ्या साहेबांनी मला थांबवून, भाषण नको, हकीकत सांगा, असे सांगितले. ते योग्य आहे. मी हकीकत सांगतो.

दि. १२ रोजी, रविवारी, सकाळी ११ वाजता हर्षदाचा फोन येणार असल्याचे पत्राने ठरले होते. फोन जीपस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर आला. ती एका केरळी नर्सबाईच्या घरून बोलत होती. त्या बाईने व तिच्या ओळखीच्यांनी तिकीट काढून दिले होते. दि. २० रोजी, सोमवारी, सकाळी ११ वाजता विमान सहार विमानतळावर उतरेल, असे तिने सांगितले. नवशीचा पासपोर्ट व नवशीने लिहिलेली वही आपल्याजवळ असल्याचेही सांगितले. नवशी तापाने वारली नाही, एवढेच ती बोलली. मी पुढचे विचारले नाही, कारण मिनिटे त्या नर्सबाईची जात होती.

त्या दिवशी मला सोमवारची रजा मिळेल की नाही हे नक्की नव्हते. म्हणून पोशेऱ्याचाच लहान्या, जो मरोळ येथे बांधकामावर आहे, त्याने विमानतळावर जावे असे मी ठरवले होते. लहान्या गाव सोडून मुंबईला गेला तेव्हा हर्षदा लहान होती. ती त्याला ओळखत नाही. त्यामुळे खूण सांगणे भाग होते.

खूण म्हणजे काय असे साहेबांनी विचारले. आमच्या पाड्यांवर लेकीला सासरहून आणायला आईबाप स्वतः गेले नाहीत, तर जाणाऱ्याच्या हातात घरातली एखादी वस्तू देतात. ती लेकीने ओळखायची असते. खूण बघितल्याशिवाय लेक उठत नाही. खूण बघितल्यावर लेक काही विचारत नाही. विचारणे म्हणजे आईवर अविश्वास, असे धरतात. हौशीने खूण ठरवली होती ती अशी: या वर्षीच्या नागलीची तीन कणसे, तिच्या हिरव्या लुगड्याच्या काठाच्या पट्टीत बांधलेली.

फोनवर आवाज नीट जात नव्हता. हर्षदा दोनदा म्हणाली, "गुरुजी, ऐकू येत नाही." माझा आवाज मोठा आहे. सभेत मला ध्वनिक्षेपक लागत नाही आणि याचा मला आजवर अभिमान होता. बूथचे दार उन्हामुळे उघडे ठेवलेले होते. मी ओरडून सांगितले, "नागलीची तीन कणसं. आईच्या हिरव्या लुगड्याच्या पट्टीत बांधलेली. ती ज्याच्या हातात असतील त्याच्याबरोबरच यायचं, दुसऱ्या कोणाबरोबर नाही." हे मी तीन वेळा सांगितले.

बाहेर पडलो तेव्हा जीपस्टँडवर पंधरा-वीस माणसे होती. रघ्या आपल्या जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, फोनला पैसे कशाला घालवता, नुसतं ओरडा. मस्कतला पोचंल." सगळे हसले. मीही हसलो.

दि. १६ रोजी बाजारात मी सभा घेतली. चाळीस मिनिटे बोललो. त्यात मी जाहीर सांगितले की, वीस तारखेला हर्षदा सहारला उतरते आहे, तिच्याबरोबर नवशीचे कागद येत आहेत, आणि ते बाहेर आले की मुली विकणाऱ्याला या तालुक्यात तोंड लपवायला जागा उरणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तारीख सांगण्याची गरज होती काय, असे साहेबांनी विचारले. नव्हती.

दि. १७ रोजी माझी रजा मंजूर झाली. हर्षदाला फोन करून खूण बदलण्याची सोय नव्हती, कारण त्या नर्सबाईचा नंबर माझ्याजवळ नव्हता. पण आता मी व हौशी स्वतः जाणार असल्याने खुणेचा प्रश्न उरला नाही असे मी समजलो. ठेकेदाराच्या फोनवर निरोप ठेवून लहान्याला कळवले की तू खाडा करू नकोस, आम्ही येतो. लहान्या विमानतळापासून पायी अर्ध्या तासावर राहतो.

दि. २० रोजी मी व हौशी पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालो. हौशीने कणसे आणली होती. आपण दोघे असताना ती कशाला, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "ठरलंय ना गुरुजी, मग न्यायची." जव्हारवरून वाड्यामार्गे सव्वादहाच्या सुमारास ठाण्यास पोहोचलो. तेथून रिक्षाने विमानतळावर ११ वाजून २५ मिनिटांनी पोहोचलो. विमान उतरल्यावर माणूस बाहेर यायला तास जातो, असे मला माहीतगारांनी सांगितले होते. विमान वेळेच्या पंचवीस मिनिटे आधी उतरले होते. आमच्या भागात कोणतीही गोष्ट वेळेआधी येत नाही. तशी शक्यता मी धरली नव्हती.

आम्ही बाहेर पडण्याच्या दारासमोर कठड्याला उभे राहिलो. तेथे पुष्कळ माणसे नावांच्या पाट्या घेऊन उभी होती. हौशीने कणसे डोक्यावर धरली. एकाने तिला हसून विचारले, "माई, ये क्या बेच रही हो?" तिला हिंदी येत नाही. तिने त्याला बघायला कणसे पुढे केली आणि परत वर धरली. दीडच्या सुमारास मी तिला हात खाली घे म्हणालो. ती म्हणाली, "नाय. पोरीला दिसलं नाय तर?"

दोनच्या सुमारास एक टॅक्सीवाला आमच्याजवळ आला. त्याचे नाव रामसूरत, टॅक्सीच्या नंबरचे शेवटचे आकडे ४४१७. तो हौशीच्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "माई, यही घास उस आदमी के पास भी थी."

त्याने सांगितले ते असे. सव्वाअकराच्या सुमारास एक मुलगी प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पावती करून त्याच्या टॅक्सीत बसली. जायचे होते ठाणे एसटी स्टँडला. बाहेर तिला कोणीच दिसले नव्हते. ती त्याला म्हणाली होती की घरचे लोक लांबून येतात, उशीर होणारच, मी एसटी स्टँडवर थांबते, ते आले तरी तिथेच येतील. तिचा पुठ्ठ्याचा खोका त्याने टपावर बांधला. गाडी सुरू केली. इतक्यात एक माणूस काचेजवळ आला, वय तीस-पस्तीस, पांढरा शर्ट. तो काही बोलला नाही. त्याने फक्त हात वर करून कणसे दाखवली. मुलगी रडू लागली. म्हणाली, "मेरी माँ ने भेजा है." रामसूरतने विचारले, आदमी को पहचानती हो? ती म्हणाली, "आदमी को नहीं. इसको पहचानती हूँ."

ती उतरली. भाडे बुडू नये म्हणून पावती तिने रामसूरतच्या हातात दिली आणि त्या माणसाबरोबर गेली. पुढे पांढरी जीप उभी होती. तो माणूस तिला घाईने चालवत होता. टपावरचा खोका रामसूरतच्या लक्षात आला तेव्हा जीप निघालेली होती. नंबर त्याने एमएच ०४ एवढाच वाचला. मुलगी परत येईल म्हणून तो दोन भाडी सोडून तेथेच थांबला होता. पावती त्याने मला दिली, ती मी आज हजर केली आहे. त्यावर तिचे नाव व सामान एक नग असे लिहिले आहे.

हे मी हौशीला आमच्या बोलीत समजावून सांगितले. तिने विचारले, "म्हंजे पोर गाडीत बसली होती, गुरुजी? आन् कणसाला बघून उतरली?"

खोक्यावर हर्षदाच्या अक्षरात तिचे नाव व पोशेरा असे लिहिलेले होते. रामसूरतने तो आमच्या स्वाधीन केला. आम्ही त्याच्यासमोर उघडला. त्यात दुधाच्या भुकटीचे डबे, हौशीसाठी एक स्वेटर, आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नवशीचा पासपोर्ट व वही होती. वहीतील चार पाने मी वाचली. त्यांतील मजकूर मी आता सांगत नाही. वही स्वतः सांगेल.

त्याच दिवशी विमानतळाच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात हर्षदा बेपत्ता असल्याची नोंद केली. खोक्याबद्दल तेथे का सांगितले नाही, असे साहेबांनी विचारले. ज्यांनी तिला नेले त्यांना कागद हवे होते. ते त्यांना मिळालेले नाहीत. ते सरकारजमा झाल्याचे त्यांना कळले, तर हर्षदाला जिवंत ठेवण्याचे त्यांना कारण उरणार नाही, असे मला त्या वेळी वाटले. ते बरोबर की चूक, मी सांगू शकत नाही. खोका आम्ही वाटेत एका ठिकाणी ठेवला. ते ठिकाण मला, हौशीला व ज्याच्याकडे ठेवला त्याला माहीत आहे. खोका आहे ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही सांगितलेली नाही. सभेत मी कागद म्हणालो होतो. खोका म्हणालो नव्हतो, कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हते.

काल दि. २१ रोजी दुपारी हौशीला पोशेऱ्यास पोहोचवण्यास गेलो. तिच्या घराच्या दाराच्या कडीला नागलीची तीन कणसे हिरव्या पट्टीत बांधून लटकवलेली होती. शेजारी कोणी कोणाला येताना पाहिले नाही. हौशीने ती हातात घेऊन बघितली व म्हणाली, "ही माझी नाय. माझी पट्टी मी दातानं फाडली." दारावरची पट्टी नव्या कापडाची व कात्रीने सरळ कापलेली आहे. हौशीची कणसे तिच्याजवळ आहेत, ती द्यायला ती तयार नाही. दारावर मिळालेली मी जप्तीसाठी हजर केली आहेत.

जीपस्टँडवर चौकशी करता, रघ्याची पांढरी जीप दि. १९ पासून काल संध्याकाळपर्यंत स्टँडवर नव्हती असे समजले.

आज सकाळी मी पोलीस ठाण्यात आलो तेव्हा रघ्या बाहेरच्या बाकावर बसलेला होता. त्याने उठून मला नमस्कार केला. तो हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, पाहुणीचं खोकं राहिलंय म्हणं. पोचवा की. ती लई रडते."

मी पुन्हा सांगतो. खोका राहिल्याचे मला, हौशीला, रामसूरतला आणि खोका ठेवून घेणाऱ्याला माहीत आहे. पाचवी व्यक्ती हर्षदा.

खोका ठेवल्याचे ठिकाण मी तोंडी सांगितलेले नाही. कागदावर लिहून, घडी घालून साहेबांच्या हातात दिले आहे. खोका उचलण्याआधी मुलीचा शोध घ्यावा, एवढी विनंती आहे. पोशेऱ्यात हौशी आज एकटी आहे. तिच्याकडे कोणीही काहीही खूण घेऊन आले तरी तिने उठू नये, असे मी तिला सांगून आलो आहे. ती म्हणाली, पोरीची खूण आली तर?

हा जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला वाचून दाखवण्यास सुरुवात केली. बाहेरचा बाक उघड्या खिडकीखालीच असल्याने मी त्यांना थांबवून खिडकी व दार लावून घेण्याची विनंती केली. त्यानंतर तो मला हळू आवाजात, कानाशी वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणेच उतरला आहे व खरा आहे. सही करतेवेळी बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ती पोशेऱ्याच्या दिशेने गेली.

(सही)
तुळशीदास गोकुळ भोये

समक्ष