चांदीच्या वायरीतला बेंजो

खरा कलावंत आवाजात तडजोड करत नाही, असं अमोलनं मुरबाड स्टँडवर जाहीर केलं आणि आपल्या कानातले इन-इअर इअरफोन काढून, मळ पुसून धाऊकाकांच्या कानात घातले. शेजारच्या बाकावर धसईच्या एसटीची वाट बघत बसलेल्या माधुरीताईंनी इकडे कान दिला.

"वायरीनं आवाज बदलत नाय म्हणालेलात ना? ऐका. सापगावच्या हळदीचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, आपलीच बेंजो पार्टी. ही तांब्याची वायर."

"बरी हाय."

"आता चांदीची. इन-इअरपेक्षा महाग."

"आयला! फरक हाय रे."

"मग? बोललो नव्हतो?"

"मघाशी जनरेटर लांब होता. आता कानातच धडधडतोय."

"आणि माझा बेंजो?"

"तो मघाशी पण नव्हता."

"पण जनरेटर साफ आला ना?"

"एकदम. मोबाइल ठेवलेलास कुठं?"

"जनरेटरवर. सपाट जागा तेवढीच होती."