रिपोर्ट चांगला आला

हॅलो?… हं, ताई, बोल… अगं, तोंडात टाचण्या होत्या. काढल्या, काढल्या. दुकानातच आहे… थांब, ट्रायल रूममध्ये जाते.

हं, बोल आता.

रिपोर्ट? आला ना, मंगळवारी… नाही, काही नाही निघालं. त्याला असला तरी मला नाहीये एचआयव्ही. पाच वर्षांत ही दहावी तपासणी, दहाही वेळा तेच… हो, चांगलीच बातमी आहे… नाही गं, रडत नाहीये… बरं, रडतेय.

तो गेला, ताई… छे छे, तसं नाही! तब्येत ठणठणीत आहे त्याची. घर सोडून गेला माझा नवरा.

भांडण? कसलं भांडण… अगं ऐक ना. मी रिपोर्ट घेऊन आले, तर हा उपाशी बसलेला. तपासणीच्या आठवड्यात त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तुला माहितीये. मी दारातूनच ओरडले, 'नाहीये!' तर हा ढसाढसा रडला. मला वाटलं, आनंदानं. मग उठला, तोंड धुतलं, लिफ्ट दुरुस्तीच्या हत्यारांची बॅग रिकामी केली आणि त्यात कपडे भरायला लागला. म्हणाला, 'अजून तुला काही झालेलं नाही. आता तरी मोकळी हो.'

हो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना! त्याच्यासमोर, दोनदा. गोळ्या रोज घेतोय, रक्तात विषाणू सापडतच नाही इतका कमी झालाय… हो, मग माझ्यापर्यंत येतच नाही तो. मूलसुद्धा होईल म्हणाल्या, धडधाकट… मला पटलं गं. त्याला नाही पटत. तिथे मान डोलावतो आणि घरी आलं की उशी उचलून बाहेरच्या खोलीत… दोन वर्षं… काय सांगणार होते तुला? की माझा नवरा माझा हात धरायच्या आधी स्वतःची बोटं बघतो, कुठे कापलंय का?

एक मिनिट हं… हो काकू, आलेच! तुम्ही नका उसवू बाही, मी उसवते!

…हं. नाही, जाताना काय बोलला ते ऐक. मी बॅग धरून ठेवली होती. म्हणाला, 'मला कंटाळा आलाय तुझा.' माझ्याकडे न बघता… तेच तर! कंटाळलेला माणूस जाता जाता थांबतो का? जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबला, ताई. पाठमोरा. मी हाक मारेन म्हणून… नाही मारली. तो शब्द फार लागला होता मला. दार लावून घेतलं… मग उघडलं ना! लगेच उघडलं. जिना रिकामा.

फोन बंद. कंपनीत म्हणाले, बदली मागून घेतली. कुठे, ते सांगत नाहीत. त्यानंच बजावलंय म्हणे…

काय?… तुला? तुला फोन केला होता त्यानं? कधी?… रविवारी? म्हणजे रिपोर्टच्याही आधी?… काय म्हणाला?… हं… 'रिपोर्ट चांगला आला तर मी बाजूला होतो, तुम्ही तिला सांभाळा'… असं म्हणाला?

आणि तू? तू काय म्हणालीस?

ताई, तू काय म्हणालीस त्याला?

…'उपकार होतील.'

…

नाही, आहे फोनवर… अगं, तो विचारत होता गं तुला. कुणीतरी 'नको जाऊस' म्हणायला हवं होतं त्याला. तू उपकार मानलेस, आणि मी दार लावलं.

नाही, रागावले नाहीये… माझ्या भल्यासाठीच, कळतंय. त्यानंही माझ्या भल्यासाठीच केलं. सगळ्यांनी माझं भलंच केलंय… नको, न्यायला येऊ नकोस. कुठेच नाही यायचं मला… नाही, तो नाही परत यायचा, ओळखते मी त्याला…

ठेवते आता… ताई, ठेवते म्हटलं ना. रडायचंय मला, आणि तुझ्यापाशी नाही.