सोसायटीभर वाटलेली पाठ

"हॅलो? …हां सबिहा, बोल. पोचलीस वाशीला? …कसा असणार? फळीवर आडवा. डावीकडे वळलो, पायात कळ. उजवीकडे वळलो, कळ. आता पंख्याकडे बघतोय, त्याचाही कंटाळा आला."

मकबूल न्हावा शेव्याला अडकलेले कंटेनर सोडवण्याचं काम करायचा. दिवाळीआधीपासून मात्र तो स्वतःच अडकून पडला होता, कमरेतली गादी झिजल्याच्या संशयावरून. रिक्षात बसायला मनाई, म्हणून बायको एकटीच सीटी स्कॅनचं पाकीट घेऊन डॉक्टरकडे गेली होती. ऑपरेशन करायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

"मग? कापणार म्हणाले? …स्पष्ट सांग, मी घाबरत नाही. …फिल्म बघितली ना त्यांनी? …कसल्या खिडक्या?"

त्याने फोन पोटावरून छातीवर घेतला.

"फिल्मला खिडक्या कशा पडतील? …उंदीर असेल. …बरं, उंदीर कात्री वापरत नाही, मान्य. …अगं ओरडू नकोस, तिथे पेशंट बसले असतील. …ऐक ना! कपाटावर दोन पाकिटं होती की नाही? …हो, मोठी, पिवळी. ग्रहणाच्या सकाळी तू पनवेलला गेलेली, आणि अख्खी सोसायटी आपल्या दारात. सेक्रेटरीकडे जुना एक्सरे असणारच, असं लोक धरून चालतात. म्हटलं, एकेक तुकडा देऊ. मला वाटलं, ते तुझ्या अम्मींच्या छातीचं पाकीट…"

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"…नाही, नाही! अगं, पण कापली नाही ना! अम्मी साबूत आहेत. …हो, ईदला मला घड्याळ दिलं त्यांनी, विसरलो नाही. …माहितीय गं, नवं मशीन आहे. सुरमईचे काप असतात तसा एकेक काप, मधोमध मणका. …हो, त्यांनी माणूस न कापता काढले, मी कात्रीने काढले. झालं समाधान?

"…हां, डॉक्टरना विचार कुठले काप हवेत. …शेवटचे दोन? म्हणजे शेपटीकडचे. थांब, आठवतो. …मीनाताईंनी वरचे नेले. झकास दिसलं म्हणाल्या, सूर्य बरोब्बर मणक्याच्या भोकात. …धनेशने एक कंपनीत दाखवायला नेला. …दुर्गाबाई? त्या ग्रहण बघत नाहीत, पण फुकटचं सोडतही नाहीत. किरण पडू नयेत म्हणून लाडवांच्या डब्यावर झाकण घातलं. वर तुळशीचं पान. …हो, माझ्या मणक्यावर. …अजून तिथेच आहे. मुंग्या येत नाहीत म्हणतात.

"शेवटचे दोन… शेवटचे दोन… सबिहा, सापडले! माझ्या निळ्या शर्टाच्या खिशात. …अगं, मीपण बघितलं ना थोडंसं. …खिडकीतून. …हो, सकाळचं ग्रहण. …हो, आपली खिडकी पश्चिमेला. …बाल्कनी… तीही पश्चिमेला, बरोबर."

त्याने छातीवरचा फोन कानाला लावला.

"…गच्चीवर. …तळमजल्यावरून गच्चीवर जिन्यानेच जातात, लिफ्ट कुठाय आपल्याकडे? …असेन तासभर उभा. …दुखलं का हे तू विचारतेस की डॉक्टर? …फोन त्यांना देऊ नकोस! सबिहा! …नमस्कार डॉक्टरसाहेब. …हो, पडूनच आहे. …तो दिवस सोडून. …पायात कळ?"

मकबूलने मनापासून आठवून पाहिलं. त्या तासाभरात कळच काय, पाय आहेत हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"नाही आली, साहेब. …उतरतानाही नाही. खाली येऊन फळी बघितली, तेव्हा आली. …काय? …सध्या ऑपरेशन नको? …चालायचं? रोज? …आणि गादी? …वयाने झिजतेच? हो, केसही झिजलेत, त्यांचं कुठे ऑपरेशन केलं. …डोळे? डोळ्यांना काय झालं? …हो, पेपरात आलं होतं, एक्सरेतून बघू नका म्हणून. …दाखवतो.

"…सबिहा! ऐकलंस? वाचलो! …पक्कं सांगायला सगळे काप हवेत? देऊ ना. संध्याकाळी मीनाताई खाली आल्या की… मी? …आत्ता? …अगं, दुर्गाबाई चौथ्या मजल्यावर! मी पेशंट आहे! …हॅलो? …हॅलो?"

मकबूलने फोन ठेवला. डाव्या कुशीवर वळून तो उठला आणि कळेची वाट पाहत उभा राहिला. कळ आली नाही. त्याला थोडं वाईटच वाटलं.

चपला घालताना त्याच्या मनात आलं, मणका काढून घेतल्यावर दुर्गाबाईंचा डबा उघडा पडणार. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? त्याने कपाटावरचं दुसरं पाकीट काढलं आणि कात्री शोधायला लागला.